काशी बहिरी नव्हती

गुणाबाईचा आवाज भिवंडीतल्या नारपोलीच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. बावीस वर्षं लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या की माणूस मशीनच्या खडखडाटावर चढून बोलायला शिकतो, आणि मग सुट्टीच्या दिवशी शेजारणीकडे मीठ मागितलं तरी भांडण जुंपल्यासारखं वाटतं. गल्लीतल्या बायकांना त्याचं काही वाटत नसे. त्याही तशाच बोलत.

१९९३ च्या उन्हाळ्यात तिनं आपल्या धाकट्या भावाची, तुळशीरामची, दोन्ही मुलं घरी आणली. तुळशीराम लूमवरचा कारागीर. आधी त्याचा संसार कारखान्याच्या माळ्यावर होता. बायको वारल्यावर तो मुलांना घेऊन खारबावजवळच्या आपल्या गावी गेला आणि तिथून ड्युटीवर येजा करू लागला. मुलांना तो पहिल्यापासूनच मारी. बायको होती तोवर ती मधे पडे. आता मधे पडणारं कुणी उरलं नव्हतं. गुणाबाई एकदा सहज भेटायला गेली, मुलांना आंघोळ घालायला बसली, आणि त्यांच्या पाठी पाहून तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पट्ट्याचे वळ होते. काही जुने, काही परवाचे.

"सुट्टीपुरती नेतंय," ती भावाला म्हणाली. परत आणायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. ती विधवा होती, पोटी मूल नव्हतं, आणि ठरवलेलं मोडायची तिला सवय नव्हती.

जूनमध्ये दोघांची नावं जवळच्या शाळेत घातली. महादू दहा वर्षांचा. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तरी तो मूठ वळूनच मागे फिरे. पहिल्याच आठवड्यात त्याच्या तीन तक्रारी आल्या. सात वर्षांच्या काशीची मात्र एकही तक्रार नव्हती. ती बसवली तिथे बसे. हाक मारली तर बघत नसे. पाढा विचारला तर तिची नजर भिंतीवर कुठेतरी जाऊन थांबे आणि चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं होई.

"मुलीला ऐकू येत नाही," शाळेतल्या बाई म्हणाल्या.

ते कुणालाच खोटं वाटलं नाही. कारखान्याच्या माळ्यावर वाढलेलं मूल, खाली रात्रंदिवस लूम चाललेले, कान जाणारच. भिवंडीत असे कितीतरी कारागीर होते. गुणाबाईनंही मान हलवली, आणि त्या दिवसापासून ती काशीशी आणखी मोठ्यानं बोलू लागली. ती जितकी ओरडे, तितकी पोर थिजत जाई.

दिवाळीच्या आत बाईंनी सांगून टाकलं की हिला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घाला, इथे तिचा उपयोग नाही. तुळशीरामच्या कानावर ते गेलं. त्यानं निरोप धाडला: "बहिरी पोर आन येडा पोर तुना कशाला हवीत? दोगांना घरी आन. नायतर मी हे गावकीत पंचांपुढं घालतंय."

अशात एका दुपारी शेजारची शमीम पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. काशी तिच्याकडे पाठ करून दुसऱ्या सुपाशी बसली होती. शमीम आपली स्वतःशीच पुटपुटली, "या अल्ला, खडे बघ किती, तांदूळ कमी नि खडे जास्त." तिनं मान वर केली तर काशीचा हात आपल्या सुपातला खडा शोधत होता. शमीमनं तिच्या खांद्यावरून डोकावत आणखी हळू म्हटलं, "तो काळा. तुझ्या उजवीकडचा." काशीनं तो उचलला.

गुणाबाई कारखान्यातली पाळी संपवून आली तशी शमीमनं तिला आत ओढलं.

"गुणाताई, लडकी बहिरी नाय. माझ्यापेक्षा चांगलं ऐकते."

"काय बोलतेस! मी इतकी वराडतंय तरी..."

"म्हणूनच! तुझा आवाज ऐकून माझी कोंबडी अंडं देईना झालीय, ती तर बच्ची हाय. घाबरून आत जाऊन बसते. बाहेर दिसते, पण घरात कोण नसतंय."

सहा महिने आपण त्या पोरीला काय ऐकवत आलो, हे गुणाबाईच्या ध्यानात आलं. पोरीच्या बापाचा आवाजही असाच होता. एकाच कारखान्यात घडलेला.

त्या दिवसापासून ती हळू बोलायला शिकू लागली. चाळिशी ओलांडलेल्या कांडीवालीला ते काही सोपं नव्हतं. जीभ सवयीनं वर जाई, मग ती तोंडावर पदर धरी. कारखान्यातल्या बायका हसत. "काय गो गुणे, गल्यात मासलीचा काटा अडकला का?" "अडकलाय," ती म्हणे, "तुमी तुमच्या कांड्या बगा."

शमीमच्याच सांगण्यावरून ती दोन्ही मुलांना ठाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या.

"मंग पोरा येडी झाली का?" गुणाबाईनं विचारलं.

"नाही हो. मुलाचं डोकं जन्मल्यावरही वाढत असतं. रोजच भीती असेल, तर सावध राहायचं काम करणारा भाग फार तेज होतो, आणि लक्षात ठेवायचं, विचार करायचं काम मागे पडतं. यावर आता कुठे अभ्यास सुरू झालाय. मुलांच्यात हे बऱ्याचदा मारामारी होऊन बाहेर पडतं, मुलींच्यात आत वळतं. मुलगा काच फोडतो म्हणून सगळे धावतात. मुलगी गप्प बसते, तिला शहाणी म्हणतात, नाहीतर मठ्ठ. नेहमीच असं असतं असं नाही, पण तुमच्या घरी तसंच दिसतंय."

"भरून येतं का ते?"

"पुष्कळसं येतं. वेळ लागतो. पण भीती थांबली तरच."

तेवढं तिला पुरलं. शाळेत जाऊन तिनं बाईंना डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "पोर हितंच शिकल." बाईंनी काशीला पहिल्या बाकावर बसवलं.

गावकी माघात बसली, गावदेवीच्या देवळापुढे. मधे वडीलधारे काळूराम बसले होते. तुळशीराम बोलायला उठला आणि त्याचा आवाज चढला, तशी काशी आत्याच्या पदराशी उभ्या उभ्या निर्जीव झाली. महादूनं खाली वाकून दगड उचलला.

"बगा!" तुळशीराम ओरडला. "बापावर दगड! ही शिकवण!"

गुणाबाईनं महादूचं मनगट धरलं नाही. समोरून, त्याला दिसेल असा हात पुढे केला. त्यानं थोड्या वेळानं दगड त्या हातावर ठेवला.

"दोगांचा आजार एकच हाय," ती पंचांना म्हणाली. "मारानं झालेला. डॉक्टरीन सांगते."

"हट्!" काळूराम म्हणाले. "बापानं चार फटके दिले तर पोरा बिगडतात व्हय? आमी काय कमी मार खाल्ला? आमचं काय वाकडं झालं?"

"काळूदादा, तुमचा बाप मरून वीस वरसं झाली. जितं त्यो तुमाला झोडी, त्या भाताच्या खल्याच्या वाटेनं आजून तुमी जात न्हाय. लांबून बांधावरनं जाताव. सगल्या गावाला ठाव हाय."

काळूराम पायाखालच्या मातीकडे बघत राहिले. पण गावकी ती गावकीच. शेवटी निवाडा झाला तो असा: मुलगा बापाचा, तो बापाकडे जाईल, मुलगी आत्यानं हवी तर ठेवावी.

"दोनी माझ्याकडं ऱ्हातील," गुणाबाई म्हणाली.

"मंग गाव तुझ्याशी बोलनार न्हाय."

"नका बोलू. तसं बी मी आताशी हलूच बोलतंय, तुमाला ऐकू यायचं न्हाय." आणि दोन्ही मुलांना पुढे घालून ती स्टेशनच्या रस्त्याला लागली.

तुळशीराम दोनदा भिवंडीत आला. दोन्ही वेळा सगळी गल्ली दारात उभी राहिली, शमीम सुपासकट सगळ्यात पुढे. तिसऱ्यांदा तो आला नाही.

चैत्रात गावदेवीची जत्रा आली. वाळीत टाकलेल्या माणसानं येऊ नये, अशी रीत होती. गुणाबाईनं नवं लुगडं नेसलं, मुलांना धुतलेले कपडे घातले आणि नारळ घेऊन थेट रांगेत जाऊन उभी राहिली. आजूबाजूच्या बायका अंग चोरून बाजूला झाल्या. तिला ऐसपैस जागा मिळाली.

देवळाच्या पायरीजवळ तुळशीराम ढोलवाल्यांवर खेकसत होता. तो आवाज आला आणि काशी थांबली. चेहरा पुसला गेला. महादूची मूठ वळली, पण तो बहिणीच्या आणि बापाच्या मधे जाऊन नुसता उभा राहिला.

"चल ना गो पुढं!" मागून कुणीतरी विसरून तिच्याशी बोललंच.

"थांबा," गुणाबाई म्हणाली. "पोर आत गेलीय. भाईर आली की जाऊ."

तिनं काशीला ओढलं नाही, हलवलं नाही. शेजारी उकिडवी बसली आणि हळूहळू तिला समोर काय काय आहे ते सांगू लागली. झेंडूचं तोरण. घंटा. कठड्यावरचं मांजर. मागे रांग वाढत देवळाच्या वळणापलीकडे गेली, माणसं चुळबुळ करू लागली, उन्हानं नारळ तापले. गुणाबाई उठली नाही. एका पोरीसाठी अख्खं गाव उन्हात खोळंबलं, आणि पुढे घुसायची हिंमत कुणाला झाली नाही.

मग काशीची नजर हलली. मांजर कुठे आहे ते तिनं शोधलं. आत्याच्या हातातला नारळ स्वतःच्या हातात घेतला आणि बापाकडे न बघता पहिली पायरी चढली.