कडीची पाठ

माझ्या दादाच्या हातात नवा कप द्या, तो आधी उलटा करून बूड बघणार. वहिनी म्हणायची, मला तेवढं उलटं करून बघितलं नाहीत, नशीब माझं. जुन्या मोटारींच्या धंद्यात त्याला सगळे 'पाठबघ्या' म्हणत. कोणी जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली की तिचे सुटे पार्ट दादाच्या टेबलावर यायचे. कुठला कारखान्यातला अस्सल आणि कुठला मागाहून कोणी घडवलेला, ते तो सांगायचा. चकाकी कोणीही आणतो, म्हणायचा, पण पाठीला पॉलिश कोण करतं? खरं तिथेच सापडतं. तो बोलायचा आणि मी चिठ्ठी लिहून दोऱ्याने पार्टला बांधायचे. 'अस्सल' नाहीतर 'नक्कल'. मधलं काही त्याला चालत नसे.

आमचा धाकटा पलीकडच्या गल्लीत याच गाड्यांचे मिळेनासे झालेले पार्ट हाताने घडवून द्यायचा. नक्कल करायचा, पण नक्कल म्हणूनच विकायचा. डावखुरा. दोघं भाऊ एकाच बाकावर कानस चालवायला शिकलेले. उजव्या हाताचे ओरखडे एका बाजूला कलतात, डाव्याचे दुसऱ्या, एवढं मलाही कळतं.

अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने बॉनेटची पितळी कडी आणली. धाकट्याने ती भंगारातल्या गाडीवरून काढून, अस्सल आहे म्हणून त्याला दिली होती. दादाने कडी उलटी केली आणि अंगठा फिरवला. पाठीवरचे ओरखडे डावखुऱ्याचे होते.

"ही माझ्या भावाच्या हातची आहे," तो चार माणसांसमोर म्हणाला.

कानावर गेल्यावर धाकटा धावत आला. मी केलेली नाही, म्हणून शपथा घेतल्या. दादा म्हणाला, हात खोटं बोलत नाही. आणि मी करंटी 'नक्कल' लिहून, गाठ मारून मोकळी झाले.

गिऱ्हाइकाने कडी धाकट्याच्या अंगावर फेकली. सहा महिन्यांत त्याच्या दारात कुत्रंही फिरकेना. सख्ख्या भावानेच खोटा ठरवल्यावर परके कशाला येतात? त्याने बाक विकला आणि एका गोदामाच्या फाटकावर राखणीला बसला. दादाने मान ताठ ठेवली. मी दोघांकडे जायचे, पण तो विषय काढायची हिंमत कधी झाली नाही. भित्री म्हणा मला, चालेल.

मागच्या महिन्यात एका बाईंनी वारलेल्या वडिलांची गाडी बघायला दादाला बोलावलं. मीही चिठ्ठ्या घेऊन गेले. त्या गिऱ्हाइकाच्या गाडीचंच मॉडेल, पहिल्यापासून एकाच मालकाची गाडी. बॉनेटच्या कडीच्या स्क्रूंवरचा रंगाचा थरसुद्धा मोडलेला नव्हता. कारखान्यातून आल्यापासून ही कडी कोणी खोललेली नाही, हे दादाने स्वतःच सांगितलं. मग त्याने ती खोलली, उलटी केली, अंगठा फिरवला आणि तिथेच जमिनीवर बसला. ओरखडे तसेच होते, त्याच बाजूला कललेले. त्या कारखान्यातही कोणीतरी डावखुरा होता. जगात डावखुरे काय आमच्याच घरात जन्मतात? एवढी साधी गोष्ट, आणि एवढ्या मोठ्या पारख्याला सुचली नाही.

बाईंकडून कडी मागून घेतली आणि आम्ही थेट धाकट्याच्या खोलीवर गेलो. दादाने ती त्याच्यासमोर ठेवली. चूक माझी होती, म्हणाला, उद्याच त्या चौघांना बोलावून सांगतो. धाकट्याने ट्रंकेतून एक फडकं काढलं. आत ती जुनी कडी होती, माझी चिठ्ठी तशीच लटकलेली. दोन्ही कड्या पालथ्या ठेवून तो बराच वेळ बघत राहिला.

"तू हिची पाठ बघितलीस, दादा," तो म्हणाला. "त्या दिवशी निदान एकदा माझ्या तोंडाकडे बघायचं होतंस."

साठी उलटलेला माझा दादा पोरासारखा रडला. मला तेही बघवेना, म्हणून मी चिठ्ठी सोडवायला घेतली. गाठ माझीच, पण अकरा वर्षांत अशी आवळलेली की नख शिरेना. धाकट्याने हलकेच कडी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा फडक्यात गुंडाळली.

"राहू दे, ताई," म्हणाला. "आता सवय झालीय."