जागेवरची सायकल

बायपासनंतर डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. पाय चालते ठेवायचे, आणि माघ सरेपर्यंत सकाळच्या गारठ्यात बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या लेकीनं लगेच ट्रेनर पाठवला. सायकलचं मागचं चाक त्यात अडकवलं की ते जागच्या जागी फिरतं. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. धानाचे कट्टे, म्हणजे पोती, रचलेल्या खोलीत थोडी जागा केली आणि सायकल उभी केली.

रोज सकाळी सहाला मी बसायचो. समोर भिंत, बाजूला कट्टे, हँडलवर टॉवेल. मीटर म्हणायचा वीस किलोमीटर झाले, आणि उतरलो की पाय त्याच फरशीवर. घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो. शेजारची सूनबाई दूध द्यायला आली की विचारायची, काका, आज कुठवर पोचले? ती गंमतच करायची, पण मला राग यायचा. मला तेव्हा कशाचाही राग यायचा.

सगळ्यात जास्त राग होता मित्राचा. तो पोस्टातून निवृत्त झालेला, आमच्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. अठरा वर्षं आम्ही आमच्या गावाहून, कोंढ्याहून, आसगावच्या तलावापर्यंत जोडीनं सायकली मारल्या. भल्या सकाळी हाका मारून शेजाऱ्यांची झोप मोडायची नाही, म्हणून आमचा एक रिवाज होता. त्यानं माझ्या दारासमोर तीनदा घंटी द्यायची, मी आतून एकदा. आतून उत्तर आलं नाही तर आज गडी येत नाही असं समजायचं, आणि काही न विचारता निघून जायचं.

ऑपरेशननंतरही तो सहाला यायचा आणि तीनदा घंटी द्यायचा. माझी सायकल आत होती, घंटी अंगठ्याखाली होती. उत्तर दिलं असतं तर तो आत येऊन दोन घटका बसला असता. पण पहिल्या दिवशी मी ते दिलं नाही. वाटलं, हा आता धुक्यातून मजेत पुढं जाणार, तलावाच्या पाळीवर कुणाच्या तरी शेकोटीशी हात शेकणार, आणि मी भिंतीकडे बघत पाय मारणार. माझा नुसता जळफळाट झाला. दुसऱ्या दिवशी घंटी वाजताच मी जोरात पायडल मारले. ट्रेनर घरघरला आणि बाहेरचं काही ऐकू येईना. मग रोज तेच. पंधरवड्यानं घंटी यायची थांबली.

मी गावात सांगत सुटलो की माणूस आजारी पडला की सोबती कळतात. लेकीलाही फोनवर तेच ऐकवलं. खरं म्हणजे सहा वाजले की मी पाय थांबवून कान देऊन बसायचो. बाहेरून एखादा ट्रॅक्टर जायचा, बाकी काही नाही. इतका एकटा मी बायको गेली तेव्हाही नव्हतो, कारण तेव्हा तो रोज येऊन बसायचा.

माघ सरला, डॉक्टरांनी मोकळं केलं. मी सायकल ट्रेनरवरून काढली आणि थेट त्याच्या घरी गेलो. त्याची सायकल ओसरीत उभी होती, सीटवर धूळ. त्याच्या बायकोनं सांगितलं की हे या हिवाळ्यात तलावावर एकदाही गेले नाहीत. एकट्यानं जायला मन होत नव्हतं. पहिले पंधरा दिवस तुमच्या दारापर्यंत जायचे आणि तिथूनच परत यायचे.

तो अंगणात उन्हाला खाटेवर बसला होता. मी म्हणालो, "काय सांगू गा, त्या खोलीत चाकाचा आवाज खूप होते. मले घंटी आयकूच नाई आली."

त्यानं सरकून मला खाटेवर जागा करून दिली. मग म्हणाला, "आवाज खूप होता, हे खरं हाय. पण मी घंटी वाजवली का मंगच तो वाढे."