कोरंगळ्याची रजिस्टरं

बुधाजी तांबे मदतीचा टेम्पो घेऊन पूरग्रस्त कोरंगळ्याला पोचले आणि त्यांनी तिथून एक व्हिडिओ पाठवला. वरळीत, बीडीडी चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये, त्यांच्या शेजारच्या राधाबाई गमरे तेव्हा नाश्त्याचे पोहे भिजवत होत्या. त्यांनी चाळणी ओट्यावर ठेवली, चष्मा लावला. सीना नदीचं पाणी ओसरलेलं, भिंतींना पुरुषभर उंचीपर्यंत चिखल, देवळाच्या पारावर कपड्यांचे ढीग. जुने कपडे इतके आले होते की गावाने ते उचलायचंच सोडलं होतं. मग कॅमेरा शाळेकडे वळला. पडवीच्या पत्र्यावर जाडजूड वह्या उघडून कडक उन्हात वाळत घातल्या होत्या.

राधाबाईंनी लगेच फोन लावला.

"बुधाजी, ती रजिस्टरं आधी उन्हातून काढायला सांग."

"अगं, ओली गच्च आहेत ती. वाळवतायत."

"तेच सांगतेय. उन्हात पानं एकमेकांना धरून बसतात. संध्याकाळपर्यंत वीट होईल एकेकाची. मास्तरांना दे फोन."

राधाबाईंनी छत्तीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात काढली होती. एकोणिसाव्या वर्षी छापील कागदांच्या घड्या घालायला लागल्या. शिवण आणि दुरुस्ती ही पुरुषांची कामं होती, पण फोरमन राजाराम आजारी पडले तेव्हा काम अडलं आणि ते राधाबाईंच्या हातात आलं, ते परत कोणी काढून घेतलं नाही. दोन हजार पाचच्या जुलैत गोदामात पाणी शिरलं, तेव्हा वकिलांची दीडशे पुस्तकं भिजली. पहिली वीस त्यांनी गच्चीवर उन्हात टाकली आणि ती वीसही वाया गेली. उरलेल्या एकशे तीसांवर त्या शिकल्या.

फोनवर मुख्याध्यापक चिंतामणी सर आले. आवाज थकलेला.

"ताई, ही शाळेची जनरल रजिस्टरं आहेत. एकोणीसशे एकतीसपासूनची. गावातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, जात, सगळं यात. दाखला यातूनच निघतो."

राधाबाईंना ते सांगायची गरज नव्हती. त्यांच्या माहेरच्या गावी शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं. थोरल्या भावाला दाखला मिळाला नाही, कॉलेजचा प्रवेश गेला आणि तो जन्मभर परळच्या गिरणीत बदली कामगार राहिला. पोरगा हुशार होता, असं आई मरेपर्यंत सांगायची.

"सर, मिटा ती सगळी. चिखल लागलाय ती तशीच मिटून घट्ट धरा, स्वच्छ पाण्यात हलकी बुडवा, चिखल गेला की प्लॅस्टिकात गुंडाळा. आणि बुधाजीच्या टेम्पोत द्या पाठवून."

"सरकारी दप्तर आहे, ताई. शाळेबाहेर नेता येत नाही."

"मग तुम्ही सोबत या. साहेबांकडून लेखी परवानगी घ्या. पण आजच. उद्या बुरशी धरेल."

मग सरांनी विचारलं, "जमेल तुम्हाला?"

"बघितल्याशिवाय सांगत नाही. पण तुमच्या पत्र्यावर तर नक्कीच जमणार नाही."

दुपारपर्यंत गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही झाली. वाटेत भिगवणला मासळीवाल्यांकडून बर्फाच्या पेट्या घेतल्या आणि अकरा रजिस्टरं बर्फात बसून मुंबईकडे निघाली.

बर्फ वितळला की पुढे काय, हा प्रश्न होता. बुरशी थांबवायची तर कागद गोठवायला हवा, आणि एका वेळी एकाच रजिस्टरची पानं सोडवता येणार. राधाबाई बस पकडून गिरगावला गेल्या. छापखान्याच्या समोरच जेरी परेराचं कोल्ड मीटचं दुकान होतं. जेरी त्यांना तीस वर्षं ओळखत होता.

"जेरी, तुझा मोठा फ्रीजर मला पाहिजे. दोन आठवडे."

"काय ठेवणार गो त्यात?"

"शाळेची रजिस्टरं."

जेरीने हातातला सुरा खाली ठेवला. राधाबाईंनी सगळं सांगितलं. त्याने आत बघून बायकोला हाक मारली. "ॲन्टोनेट, सॉसेज काढ सगळी. वाडीत वाटून टाक."

त्या रविवारी वाडीत घरोघरी सॉसेज पुलाव शिजला, आणि कोरंगळ्याची पंचाण्णव वर्षं उणे अठरा अंशांवर विसावली.

टॉवरच्या तळमजल्यावरचा हॉल बुधाजींनी सोसायटीकडून मागून घेतला. गिरगावातून कोऱ्या न्यूजप्रिंटचे गठ्ठे आले. जुन्या चाळीतल्या बायका आल्या, कोणी नर्स, कोणी बँकेतून रिटायर झालेली, कोणी पोळीभाजी केंद्र चालवणारी. पुरासाठी काहीतरी करायचं होतं, पण साड्या पाठवण्यापलीकडे काय ते सुचत नव्हतं, असं त्यांच्यातली एक म्हणाली. राधाबाईंनी सगळ्यांना हात धुवायला लावले, बांगड्या उतरवायला लावल्या.

"पान ओढायचं नाही. बांबूची पट्टी खालून सरकवायची आणि थांबायचं. पान सुटायला तयार झालं की ते स्वतः उचलतं. मग मध्ये कोरा कागद. दोन तासांनी तो बदलायचा. पंखा छताकडे, कागदाकडे नाही."

पहिल्या दिवशी चार पानं फाटली. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये फक्त कागदाची सळसळ ऐकू यायची. चिंतामणी सर एका कोपऱ्यात सतरंजीवर राहत होते. रजिस्टरं नजरेआड करायची नाहीत, असं त्यांनी साहेबांना लिहून दिलं होतं. चौथ्या दिवशी त्यांनीही बाह्या सरसावून पट्टी हातात घेतली.

आठव्या दिवशी एकोणीसशे चाळीस ते बावन्न सालचं रजिस्टर उघडलं. कागद शाबूत होता, पण बावीस पानांवर अक्षरच नव्हतं. शाई धुऊन गेली होती. सर खाली बसले.

"जातपडताळणीला पन्नासच्या आधीचा पुरावा लागतो, ताई. अर्ध्या गावाचा पुरावा हाच."

राधाबाईंनी पान उजेडापुढे तिरकं धरलं. काही दिसेना. त्या दिवशी ॲन्टोनेट डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "जेरीकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. त्यात नोटेवरचं न दिसणारं दिसतं. बघू या का लावून?"

राधाबाईंना आठवलं, जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोह असतं, आणि रंग गेला तरी ते कागदात मुरून राहतं. तासाभरात जेरी दिवा घेऊन हजर झाला. खिडक्यांना चादरी लावल्या. दिवा पानावर धरला तशी कोऱ्या कागदातून काळपट अक्षरं वर आली. वळणदार, मोडक्या टाकाची.

"वाचा, सर," राधाबाई म्हणाल्या.

सर वाचू लागले. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. बँकेतल्या बाई लिहून घेत होत्या, बुधाजी फोटो काढत होते. बावीस पानांवर तीनशे आठ नावं होती. दोन तेवढी लागली नाहीत. तीनशे सहा लागली. शेवटचं नाव वाचून झालं तेव्हा सरांचा आवाज बसला होता, आणि बायकांनी न सांगता टाळ्या वाजवल्या.

पुढचा आठवडा राधाबाईंचा एकटीचा होता. अकराही रजिस्टरं त्यांनी मेणदोऱ्याने नव्याने शिवली, पाठीला कापड लावलं.

दिवाळीनंतर त्या स्वतः कोरंगळ्याला गेल्या. वेशीवर हलगी वाजत होती. रजिस्टरं टेम्पोतून उतरवायला गावातले म्हातारे पुढे झाले आणि एकेकाने एकेक डोक्यावर घेतलं. चिखल उतरलेल्या शाळेत सरांनी टेबल मांडलं होतं. पहिला अर्ज प्रिती नावाच्या मुलीचा होता. नर्सिंगला नंबर लागला होता, पडताळणी अडली होती. सरांनी जोडलेल्या फोटोसह बेचाळीस सालचं पान काढलं. तिच्या पणजोबांचं नाव तिथे होतं.

सरांनी उतारा लिहिला, शिक्का मारला. प्रितीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि सरळ राधाबाईंच्या पायाशी वाकली. राधाबाईंनी तिला मध्येच धरून उभं केलं.

"पाया नको पडू. जयभीम कर आणि पळ. फॉर्मची तारीख कधीची आहे?"

"उद्याची."

"मग उभी काय राहिलीस?"

प्रिती हसत पळाली. दाराबाहेर तोवर रांग लागली होती, पार वडाच्या झाडापर्यंत. रांगेत पलीकडच्या गावचे दोन मुख्याध्यापकही होते, भिजून चिकटलेल्या रजिस्टरांची आपापली पोती घेऊन. राधाबाईंनी पदर खोचला आणि पहिल्या पोत्याची गाठ सोडायला बसल्या.