दहा नंबरचा उपास

पडदा वर जातो तो सांगलीच्या एका सरकारी रुग्णालयातल्या पुरुषांच्या वॉर्डवर. रविवारची सकाळ, फिनेलचा वास. अकरा नंबरच्या खाटेवर मी, पाय प्लास्टरमध्ये. चाळीस वर्षं रंगमंचावर राजे केले. इथं गर्दीतला माणूस. दहा नंबरवर आटपाडीकडचे हरिबा, मेंढरं राखण्यात जन्म गेलेले, साखरेचे पेशंट. आणि नायिका लीलाबाई, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टर.

त्या आठवड्यात शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी आली होती. डॉक्टर अंकिता त्यातल्याच, नागपूरच्या, तिसराच दिवस. त्या आल्या की म्हातारे उठून हात जोडत. लीलाबाईंना ते सोसत नसे. त्यांची मुलगी माया याच वयाची. तीनदा परीक्षा देऊनही डॉक्टरकीची जागा हुकली, आता साताऱ्यात औषधाच्या दुकानात उभी राहते.

"कोट काय, कुणालाबी शोभतो," असं लीलाबाई माझ्या उशाशी पुटपुटून जात. मला हसू येई. नव्या नटाच्या टाळ्या मीही विंगेत उभा राहून अशाच ऐकल्या आहेत.

त्या सकाळी अंकिताबाईंनी हरिबांचा कागद पाहिला, इन्सुलिन रोजच्याइतकंच लिहिलं आणि पुढे गेल्या. खाल्लं का, हे विचारलंच नाही.

लीलाबाई सुई भरून आल्या आणि थबकल्या. हरिबांच्या कपाळाला भंडारा, पोहे झाकलेले तसेच. रविवार म्हणजे धनगरांच्या बिरोबाचा वार. ही जुनी माणसं दिवस मावळेपर्यंत काही खात नाहीत, आणि डॉक्टर रागावतील म्हणून सांगतही नाहीत. उपाशीपोटी ते औषध गेलं असतं तर म्हातारा हातचा गेला असता.

लीलाबाई उभ्याच. नंतर त्यांनीच मला सांगितलं, "सही तिची हुती, दादा. एकदा पडू दे तोंडावर, असं आलं मनात. खोटं कशाला बोलू?"

शेवटी त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "डॉक्टर, हिकडं या. ह्यांचा उपास हाय."

अंकिताबाई धावत आल्या. त्यांनी साखर तपासली, लिहिलेलं खोडलं आणि खाटेवर बसून, समजूत घालत, हरिबांना कपभर दूध पाजलं.

हरिबा गहिवरले. वाकून अंकिताबाईंच्याच पाया पडू लागले. "पोरी, तुज्यामुळं वाचलो बग!"

लीलाबाईंनी ट्रे उचलला.

"पडा पाया, पडा. पर सुई कुणाच्या हातात हुती, तेवढं गावात सांगा."