चौथा इंजेक्टर

चहा बशीत ओतायचा, फुंकायचा आणि पुन्हा कपात घेऊन प्यायचा. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून डोळे मिटायचे. गिऱ्हाईक घाईत दिसलं की मुद्दाम तंबाखू मळायला घ्यायची. आणि जेवायला उठताना एक नट ढिला ठेवायचा. काम वाट बघत असलं की माणूस परत येतो, असं त्यांचे वडील म्हणत.

नांदूरघाटच्या इसाकचाचा मिस्त्रींच्या या खोडी युवराजला पाठ होत्या. मराठीत एम.ए. केलेल्या त्याला गाडीतलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं. घरची जुनी गाडी आचके द्यायला लागली. गॅरेजचा खर्च परवडेना. तो सरळ चाचांच्या अंगणात आला.

चाचांनी इंजिनात पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर साफ करायला काढले. बाकी सामान घरचंच. सिरिंज, सलाईनची नळी, नातीच्या खेळण्यातली बॅटरी. दारावरच्या बेलचं बटणही काढलं, त्यामुळे दिवसभर पाहुणे दारात उभे राहून हाका मारत राहिले. बाजारातून आणला तो फक्त साफ करायचा स्प्रे.

बटण दाबलं की इंजेक्टर टिक करून उघडायचा आणि फवारा चहाच्या ग्लासात पडायचा. बटण युवराजकडे.

"दाब. सोड. दाब बे, कविता नको करू."

आपले ग्लास ओळखून अकबरीचाचींनी बजावलं, की ते आता घरात आणायचे नाहीत.

तीन इंजेक्टर धुक्यासारखा फवारा द्यायला लागले. चौथ्यातून नुसती धार. चाचांनी तो ग्लासात स्प्रेच्या औषधात भिजत ठेवला.

तेवढ्यात चाचांचा मुलगा, साजिद, त्यांना दवाखान्यात न्यायला आला. चाचांचं उद्या हृदयाचं ऑपरेशन होतं. युवराजला हे तेव्हाच कळलं. सकाळपासून ते त्याला कवितेवरून चिडवत होते.

राहिलेला कुणाकडून तरी करून घेतो, तो कसाबसा म्हणाला.

"हात लावू नको," चाचा म्हणाले. "चौथा माझा हाय. मुद्दाम ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी साजिदचा फोन आला. चाचा ऑपरेशनमधून उठलेच नाहीत. युवराजने "बरं" म्हटलं.

गाडी अजून अंगणात उभी आहे. तो ग्लास अकबरीचाची कुणाला हलवू देत नाहीत. त्यातलं औषध उडून जातं. युवराज येऊन पुन्हा भरतो.

बटण दाबत नाही.