साहेब येणार म्हणून

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती आहे आणि वस्तीमागे एक लहानसं तळं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ते मी मिरवते. का मिरवू नये? म्हणूनच तळ्यासाठी पालिकेच्या अनुदानाचं कळलं तेव्हा अर्ज मीच लिहिला. सांडपाणी वळवायचं, गाळ काढायचा आणि काठावरची लव्हाळी, त्यातले बेडूक, पाणकोंबड्या जपायच्या. खरं तर पैसे त्या जपण्यासाठीच मिळणार होते.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी अंधेरीला ऑफिसात होते. सकाळी अधिकारी बाईंना घेऊन तळ्यावर गेले, तर काठ बोडका. लव्हाळी मुळासकट उपटलेली, दगडांना चुना लावलेला. मधोमध इस्त्रीचा शर्ट घालून माझे बाबा उभे.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघ गं, तुझ्या बाबांनी काल सगळ्यांना जुंपलं. गणपतीच्या मंडपाला हात लावत नाहीत मेले, पण इथे राबले!"

साहेब येणार म्हणजे झाडायचं, चुना मारायचा, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बाबांची तर सगळी नोकरी गिरणीत गेली. आणि हे साहेब लेकीचे.

बाईंनी विचारलं, "इथे पक्षी होते ना?"

बाबा पुढे झाले. "सगळा साफ केलंव, मॅडम. एक डास नाय गावूचो!"

"कुणी केलं हे?" बाईंनी मला विचारलं.

"आम्ही," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. काठाने एक फेरी मारून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "यंदा शिफारस नाही करता येणार. लव्हाळी परत येऊ द्या, मग बघू."

बाबांनी ते ऐकलं.

घरी येऊन ते भिंतीला टेकून बसले. ताट वाढलं तरी हात धुवायला उठले नाहीत. मग म्हणाले, "मगे मी काय करूक होया होता, गो?"

"काही नाही, बाबा."

"काय नाय म्हणजे?"

"होतं तसं राहू द्यायचं होतं."

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. लव्हाळीच्या पात्यांनी बोटं कापली होती.

"नुसता बसान?"

"हो. नुसतं बसून."

मी हळदीचा डबा आणायला उठले.