मामांचा बेसबॉलवरचा बहिष्कार

बेसबॉलचे नियम जगात फक्त तीन माणसांना पूर्ण कळले आणि त्यांतले दोघे आता हयात नाहीत, असं माझ्या मामेसासऱ्यांचं प्रामाणिक मत आहे. मामा मूळचे वर्ध्याचे. शिकागोच्या एका हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर लोकांना भूल दिली आणि निवृत्तीनंतर जवळच्याच नेपरव्हिलमध्ये, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहून, लोकांना जागं ठेवायचं काम हाती घेतलं. ते बेसबॉलवर बोलत असताना जांभई द्यायची सोय नाही. दिलीत, तर पुन्हा पहिल्या इनिंगपासून सुरू करतात. पुण्याहून नवी नवी आले तेव्हा "हे क्रिकेटसारखंच ना?" असं मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर आठवडाभर मामा माझ्याशी फक्त हवामानावर बोलले. प्रत्येक मॅचचा स्कोअर ते वहीत मराठीतून लिहितात, तोही डॉक्टरी अक्षरात. कोण आउट झालं हे मागाहून त्यांनाही कळत नाही. "केमिस्टला दाखवून आणा," असं मामी म्हणायच्या. मामींना खेळातलं ओ की ठो कळत नसे, पण प्रत्येक मॅचला त्या शेजारी बसून संत्री सोलत आणि अखंड बोलत.

मग नियम बदलले आणि मामा खवळले. पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे म्हणून मैदानात घड्याळ आलं. "जन्मभर घड्याळाकडे बघत भूल दिली. बिनघड्याळाची एवढीच एक जागा उरली होती!" त्यात बरोबरी झाली की जादा इनिंगमध्ये एक खेळाडू काहीही न करता थेट दुसऱ्या बेसवर, म्हणजे रनाच्या अर्ध्या वाटेवर, उभा करतात, हे त्यांनी पाहिलं आणि "मॅनेजमेंट कोटा!" असं ओरडून टीव्ही बंद केला. तो दोन सीझन बंदच राहिला. त्याच काळात मामी गेल्या आणि घर अगदीच गप्प झालं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीने, रुचाने, रविवार दुपारची तीन तिकिटं काढली. मामा नाही म्हणाले. "बाबा, just come and complain," रुचा म्हणाली. तक्रार करायला मिळणार म्हटल्यावर मामा टोपी शोधू लागले.

आठ इनिंग त्यांनी मनसोक्त तक्रार केली. तक्रारीला जागाही होती, कारण आपली टीम सहा-एक अशी मागे होती. लोक उठून चालले. मी पर्स उचलली तशी मामा गुरकावले, "पेशंट टेबलावर असताना भूलवाला बाहेर जात नाही. बस खाली!"

आणि शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये पेशंटने डोळे उघडले. एक रन, मग दुसरा, मग एक उंच फटका थेट प्रेक्षकांत आणि एकदम तीन रन! सहा-सहा. दहाव्या इनिंगमध्ये पाहुण्या टीमला काही जमलं नाही. आता आपली पाळी, आणि दुसऱ्या बेसवर आपला तो फुकटचा खेळाडू.

"बाबा, तुमचा कोटावाला," रुचा म्हणाली.

"हा रन अनैतिक आहे," मामा म्हणाले. "मी टाळी वाजवणार नाही."

पुढच्याच चेंडूवर फटका बसला, कोटावाला सुटला आणि मामा खुर्चीवर चढले. "पळ रे बाबा, पळ! अरे, मागे काय बघतोस, पळ!" तो घसरत होम प्लेटवर पोचला आणि आपण मॅच जिंकलो, तेव्हा मामा शेजारच्या दाढीवाल्या, अनोळखी, त्यांच्या दुप्पट माणसाच्या मिठीत होते आणि दोघंही आपापल्या भाषेत ओरडत होते. थोड्या वेळाने मामांनी वही काढली. त्या रनापुढे त्यांनी लिहिलं, 'तत्त्वतः अमान्य'. दाढीवाल्याला त्याचा अर्थही समजावून सांगितला. त्याने गंभीरपणे मान डोलावली.

परतीच्या ट्रेनमध्ये रुचा फोनवर तोच फटका पुन्हा पुन्हा बघत होती. मामा खिडकीबाहेर बघत बसले होते. ऊन अजून लख्ख होतं.

"काय झालं, मामा?"

"काही नाही गं. मस्त झाली मॅच. पण त्या घड्याळामुळे लवकर संपली." टोपी काढत म्हणाले, "मॅच लवकर संपली की संध्याकाळ फार मोठी होते."

मी त्यांना परस्पर आमच्याच घरी नेलं. डाळ-तांदळाचा कुकर लावला. मामांनी टेबलावर वाट्या मांडून ती मॅच पहिल्या चेंडूपासून पुन्हा खेळायला घेतली. कुकर झाला, जेवणं झाली, तरी ते चौथ्या इनिंगमध्येच होते. मी समोर बसून राहिले आणि अधूनमधून काहीबाही विचारत राहिले.